भिंगरीचा कान

खडीवाल्याच्या घरात माणसं तीन आणि कान सहा. पण शेडमधल्या कामाला उपयोगी पडतील असे दोनच, आणि ते त्याच्या तेरा वर्षांच्या पोरीचे. बायकोचे कान ठणठणीत होते. पण ऐकायचं म्हणजे आधी गप्प बसावं लागतं, आणि ते तिला जन्मात जमलं नव्हतं. खुद्द त्याच्या कानांची गोष्ट वेगळी. ती त्याने अजून कुणाला सांगितली नव्हती.

त्याला खडीवाला म्हणत ते जुन्या कामावरून. अकरा वर्षं तो दगड फोडणाऱ्या मशीनवर होता. मशीन बंद पडलं, मालक निघून गेला, तेव्हा त्याने घरामागच्या दोन एकरांत तुती लावली आणि रेशमाच्या अळ्या पाळायला घेतल्या. त्याला आता सहा वर्षं होऊन गेली होती. पिसासारखी हलकी अळी बोटांनी उचलून दुसरीकडे ठेवावी तर त्यानेच, पण लोकांच्या तोंडातलं नाव काही बदललं नाही. "खडीवाल्याचं रेशीम" म्हणून ते हसायचे आणि तोही हसायचा.

शेड घराला लागूनच. पत्र्याचं छत, त्यावर गवत, खिडक्यांना भिजवलेली गोणपाटं, आत दोन ओळींत बारा रॅक. रॅकवर तुतीच्या फांद्या आडव्या टाकायच्या आणि अळ्यांनी त्या खायच्या, दिवसातून तीनदा. काम एवढंच, पण माणसाला दुसरं काही करू देत नाही.

पोरीला सगळे भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी ठरायची नाही. ठरायची ती फक्त शेडच्या दारात. सात वर्षांची असताना एकदा पाला टाकायच्या वेळी ती दारातून ओरडली होती, "बाबा, तिकडच्या गप्प झाल्या!" त्याने जाऊन फांद्या उचकून पाहिलं, तर खरंच, अळ्या माना वर करून निजलेल्या.

अळी आपल्या आयुष्यात चारदा अशी झोपते. कात टाकायची असते म्हणून दिवसभर हलत नाही, खात नाही. त्या वेळी पाला टाकायचा नसतो. टाकला की खाली ओल धरते, अळ्या दबतात, काही पुढे जातात, काही मागे राहतात, आणि मग रोग शिरायला वेळ लागत नाही. झोप डोळ्यांनाही कळते, पण उशिरा. कानाला आधी कळते. हजारो अळ्या खायला लागल्या की पानांवर सर पडावी तसा आवाज शेडभर भरतो, आणि झोप आली की तो एकेका रॅकवरून विरत जातो.

तेव्हापासून घराची रीतच पडली. पाला टाकण्याआधी सगळ्यांनी गप्प बसायचं. आईनेसुद्धा. भिंगरीने दारात डोळे मिटून उभं राहायचं, मनात शंभर मोजायचे आणि मग निकाल द्यायचा. "पाचवी जेवतेय. सातवी पेंगतेय. शेवटची सोंग करतेय, तिला थोडंच टाका." चार वर्षं त्या निकालावर बॅचमागून बॅच सुखरूप निघाली.

मग मामाने आपला जुना फोन भाचीला दिला. अभ्यासाला उपयोगी पडेल म्हणाला. अभ्यास कुठे गेला देव जाणे, पण दोन कानांत दोन बोंडं बसली ती बसलीच. पोर जेवताना फोनमध्ये, झाडाखाली फोनमध्ये, शेडमध्ये हाताने पाला टाकतेय आणि नजर फळीवर टेकवलेल्या फोनमध्ये. दारात उभं राहून शंभर मोजणं हळूहळू बंद पडलं. "बघा ना तुम्हीच," म्हणायची. आणि गेल्या दोन्ही बॅच चौथ्या झोपेला फसल्या होत्या.

"ही तिसरीही गेली," बायको म्हणाली होती, "तर मी स्वतःच्या हाताने तुती उपटीन. सांगून ठेवते."

बायकोचा आवाज तीन शेतं ओलांडून जाणारा. त्याला कमी ऐकू येतं ही गोष्ट घरात लपून राहिली ती त्या आवाजाच्या कृपेने. मशीनने आधी त्याचा डावा कान नेला, मग उजवा अर्धा. बारीक आवाज सगळ्यात आधी गेले. पाखरं गेली, शिट्टी गेली, आणि एके दिवशी शेडमध्ये उभा असताना त्याच्या लक्षात आलं की अळ्या खाताना दिसतायत, पण ऐकू येत नाहीत. पुरुषांची भरडी बोलणी पोचायची. बायको तर पोचायचीच. पोरीचं म्हणाल, तर पोर हल्ली बोलतच नव्हती. फोन आल्यापासून तिचं तोंड मिटलं, असं त्याचं ठाम मत होतं.

त्याने हे कुणाला सांगितलं का नाही, तर त्यालाही कारण होतं. मशीनवर त्याच्याबरोबर एक माणूस होता, ठार बहिरा झालेला. बाकीचे गडी त्याच्यासमोर उगाच नुसते ओठ हलवायचे, आणि तो बिचारा माना डोलवायचा. सगळे खदखदा हसायचे. खडीवालाही त्यांच्यात होता. ते हसणं आता त्याच्या छातीत ठाण मांडून बसलं होतं.

त्याला ही बॅच हवी होती हे खरं. पण त्याहून जास्त त्याला दारात डोळे मिटून उभी राहणारी ती पोर परत हवी होती, आणि ती फोनने नेली आहे याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

अळ्या तिसऱ्या झोपेला लागल्या त्या दिवशी शाळेतून निरोप आला. आईबाप दोघांनी यायचं, मुलांच्या फोनबद्दल बोलायचं आहे. दोघं हातपाय धुऊन, धुतलेले कपडे घालून गेली. पोरं भिंतीकडेने ओळीत बसली होती. आईबाप बाकांवर, गुडघे कुठे ठेवावेत या विवंचनेत. खडीवाला नेमका पंख्याखाली बसला. पंख्याच्या घरघरीत शाळेच्या बाई मासोळीसारखं तोंड उघडताना आणि मिटताना तेवढ्या दिसत होत्या.

एकेक जण उठून काही सांगत होता आणि बसत होता. मग बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले. सगळ्यांच्या माना वळल्या. त्याने झटकन विचार केला. आपल्याला भेटणारा माणूस पहिलं काय विचारतो? शेडमध्ये रॅक किती. तो उभा राहिला, घसा साफ केला.

"बारा," तो म्हणाला. "आणि सगळं नीट पार पडलं तर अजून चार वाढवायचा विचार आहे."

मग असा हशा उसळला की पंख्याची घरघरही त्यात बुडाली. सगळे हसले की आपणही हसायचं, हा त्याचा नेहमीचा उपाय. तो मनापासून हसला. हसता हसता त्याची नजर भिंतीकडे गेली. भिंगरी त्याच्याकडे बघत होती. तिचे कान लालबुंद झाले होते.

वाटेत बायकोने त्याला फैलावर घेतलं. "अहो, बाईंनी विचारलं काय आणि तुम्ही सांगितलंत काय! पोर दिवसाला किती तास फोनवर असते, असं विचारलं त्यांनी! बारा म्हणे! आणि वर अजून चार वाढवणार!"

तो वाटेतच थांबला. आत्ता सांगून टाकावं, असं जिभेपर्यंत आलं होतं. पुढे पोर चालत होती, मान खाली घालून, दप्तर पाठीवर आपटत.

"गंमत केली जरा," तो म्हणाला.

"गंमत? चारचौघांत पोरीची?"

"मग काय, चटका बसायला नको?"

घरी आल्यावर त्याने पोरीसमोर हात पसरला. तिने फोन दिला, कानातली बोंडंसुद्धा गुंडाळून दिली. त्याने ते पत्र्याच्या ट्रंकेत टाकून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला अडकवली. पोर भिंतीकडे तोंड करून बसली. तिची पाठ जराशी हलली.

"ऐकलंत ना काय म्हणाली?" बायकोने विचारलं.

"ऐकलं," तो म्हणाला आणि शेडमध्ये गेला.

बायको त्याच्या पाठीकडे बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा दगडाच्या काळजाचा आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

पुढचे दिवस उन्हाचे आले. वारा म्हणून नव्हता. पत्रे सकाळी नऊलाच तापायचे. खिडकीवरची गोणपाटं तासातासाला भिजवावी लागत, छतावरच्या गवतावर बादल्या ओताव्या लागत. पाला उजाडायच्या आत कापून आणायचा, नाहीतर हातात येईपर्यंत कोमेजायचा. तिघंही कापत. बायको बोलत कापायची, तो मुकाट्याने कापायचा, आणि भिंगरी दोघांपासून चार सऱ्या लांब. हात तिचे चलाख होते. विळ्याचा एक झटका आणि फांदी खाली. भारा बांधून ती डोक्यावर घ्यायची आणि कुणाची वाट न बघता चालू लागायची.

फोन गेला, पोर शेडमध्ये आली. पण आली म्हणजे नुसती आली. आधी ती फोनमध्ये असायची, आता कुठे असायची ते कळत नव्हतं. पाला टाकायच्या आधी तो तिच्याकडे बघायचा.

"काय म्हणतायत आज?"

ती खांदे उडवायची.

"चौथीवर कशा आहेत?"

पुन्हा खांदे.

शाळेत तिला पोरांनी नवं नाव ठेवलं होतं, हे त्याला बायकोकडून कळलं. बारा तास. कुणी वेळ विचारली की सगळे तिच्याकडे बघून हसायचे. ते ऐकून त्याला दुपारचं जेवण गेलं नाही. तुतीत जाऊन त्याने पिकलेली काळी फळं वेचली. पोर लहान असताना तो रोज ओंजळभर आणायचा, आणि ती एकेक मोजून खायची. वाटीभर फळं त्याने पोरीच्या अंथरुणापाशी ठेवली. ती बघून तोंड फिरवून गेली. संध्याकाळी वाटी वरून जशीच्या तशी होती, पण तळातली फळं कमी झाली होती आणि पोरीची जीभ जांभळी दिसत होती. त्याने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तेवढ्यावर त्याला दिवसभर बरं वाटलं.

चौथी झोप त्याने बोटांवर मोजून ठेवली होती. तिसऱ्या झोपेतून उठल्यापासून पाचवा दिवस. अजून एक दिवस हातात आहे, असा त्याचा हिशेब. ऊन वाढलं की अळ्या हिशेब पाळत नाहीत हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण ऐकू न येणारा माणूस मोजण्यावर जरा जास्तच विसंबतो.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने पहिला भारा सोडला आणि टाकायला सुरुवात केली. बायको विहिरीवर गोणपाटं भिजवायला गेली होती. पहिली रॅक झाली, दुसरी झाली. फांद्या हातातून झरझर सुटत होत्या. रात्रीच्या चोथ्याखाली अळ्या नीट दिसत नव्हत्या, आणि त्याने उचकून बघितलं नाही, कारण अजून एक दिवस होता. चौथी झाली, सातवी झाली, नववी झाली. दहावीवर फांदी टाकायला हात उचलला, तेवढ्यात ती फांदी मागून कुणीतरी खेचली.

तो वळला. भिंगरी होती. दोन्ही हातांनी फांदी धरून उभी, आणि तोंड रडून भिजलेलं.

"काय झालं?" तो घाबरून म्हणाला. "अगं, काय झालं?"

तिचे ओठ हलले. त्याला काही कळेना. ती पुन्हा काहीतरी म्हणाली, आणि मग सगळा जीव एकवटून ओरडली. दोन वर्षांत तिचा एवढा स्पष्ट आवाज त्याने पहिल्यांदा ऐकला.

"झोपल्यात! सगळ्या झोपल्यात! मी कधीची सांगतेय!"

त्याने पहिल्या रॅकवरच्या फांद्या उचलल्या. खाली अळ्या माना वर करून, निश्चल. दुसरीवरही तेच.

"मग आधी का नाही बोललीस?"

"चार वेळा बोलले! तुमच्या पाठीमागेच उभी होते मी! तुम्ही ऐकतच नाही! कधीच ऐकत नाही!"

"अगं, पण..."

"मी काहीही सांगितलं तरी तुम्ही वळूनसुद्धा बघत नाही! मी दारात उभी राहून सांगायची ना, पाचवी अशी, सहावी तशी? तुम्ही मान डोलवायचा आणि मनाला येईल तसं टाकायचा! मग कशाला सांगू मी? त्या दिवशी मी विचारलं, बाबा, तुम्ही सगळ्यांबरोबर मला का हसलात? तुम्ही म्हणालात, ऐकलं. आणि निघून गेलात!"

खडीवाल्याने रॅकचा बांबू धरला. तेवढ्यात बायको ओली गोणपाटं खांद्यावर घेऊन दारात आली. नऊ रॅकवरचा हिरवा पाला तिने पाहिला, बापलेकीची तोंडं पाहिली, आणि जन्मात पहिल्यांदा एक शब्दही न बोलता गोणपाटं खाली ठेवली.

पाला टाकायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दसपट तो काढायला लागतो. झोपलेल्या अळीला धक्का चालत नाही. एकेक फांदी दोन हातांनी, टोकाला आणि बुडाला धरून सरळ वर उचलायची. एखादी जागी अळी पानावर चढलेली असेल तर तिला बोटाने अलगद खाली सोडायची. तिघं तीन रॅकना लागली. घाम नाकावरून टपकायचा, तो अळ्यांवर पडू नये म्हणून मान वाकडी करून काम करावं लागत होतं. बायको दर दोन फांद्यांनी हुंकार देत होती. बाकी कुणी बोलत नव्हतं. सहाव्या रॅकपाशी पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं आणि त्याची कंबर मोडून गेली.

नववी रिकामी झाल्यावर त्यांनी सगळीकडे चुन्याची भुकटी भुरभुरली, ओल राहू नये म्हणून. मग बायको पाणी आणायला गेली. भिंगरी दारात उंबऱ्यावर बसली. गुडघ्यांना मिठी मारून. तो तिच्याशेजारी बसला, मध्ये हातभर अंतर ठेवून.

शेड गप्प होती. एवढ्या हजारो जिवांनी भरलेली, आणि पान हललेलं ऐकू येऊ नये.

"भिंगरे," तो म्हणाला. "आत्ता तुला आतून काय ऐकू येतंय?"

तिने मान हलवली. "काही नाही."

"हं. मला रोज असंच ऐकू येतं."

तिला ते कळायला वेळ लागला. आधी तिने शेडकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या कानाकडे, जणू कानावर काहीतरी लिहिलेलं असावं.

"त्या खात असतात तेव्हासुद्धा?"

हे त्याने तिच्या ओठांवरून ओळखलं. "तेव्हासुद्धा. दोन वर्षं झाली. डावा तर गेलाच. उजव्यात थोडं आहे. तुझ्या आईचं येतं, ते काय, मेलेल्यालाही येईल. तुझं येत नाही. मला वाटलं, तूच बोलत नाहीस."

तिने बोटांना लागलेला चुना गुडघ्यावर पुसला.

"शाळेत बाईंनी काय विचारलं ते मला कळलंच नाही," तो म्हणाला. "मी रॅक सांगितल्या. बारा रॅक. तुझी आण, तुला नव्हतो हसलो. सगळे हसले म्हणून हसलो. सांगायची लाज वाटली मला. चुकलं माझं, पोरी."

भिंगरीचा ओठ थरथरला. मग कुठून कोण जाणे, रडण्याच्या आत तिला हसू फुटलं. "अजून चार वाढवणार आहे," ती म्हणाली, आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली. त्याने मधलं हातभर अंतर संपवलं. तिचं डोकं त्याच्या खांद्यापाशी आलं. केसांना चुना लागला होता, तो त्याने झटकला.

"त्या फोनमध्ये एवढं काय असतं गं?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

ती काहीतरी पुटपुटली. मग आठवण होऊन तिने तोंड त्याच्याकडे वळवलं आणि मोठ्याने, एकेक शब्द वेगळा करून म्हणाली, "मी काही टाकलं ना, की कुणीतरी लगेच उत्तर देतं."

दोन वर्षं खडीवाल्याने त्या फोनला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. आता त्याला पोरीची पाठ आठवत होती, भिंतीकडे वळलेली आणि जराशी हललेली. असं किती वेळा ती आपल्या पाठीमागे उभी राहून बोलली असेल आणि वाट बघून निघून गेली असेल, याचा त्याला अंदाज करवेना. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पुसलंही नाही.

बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. दाराआडून तिने सगळं ऐकलं होतं, कारण तिचे कान ठणठणीत होते. तांब्या ठेवून ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे इतकी वर्षं," ती म्हणाली, "मी घसा फोडून बोलतेय म्हणून हा संसार चालला होता, आणि लोक मलाच नावं ठेवत होते." मग तिने डोळ्यांना हात लावला आणि म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे चला. मुकाट्याने."

"अळ्या उठू देत."

"अळ्यांना मी बघते. माझेही कान आहेत. जरा गप्प बसेन, त्यात काय."

यावर बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं, पण दोघंही हुशार होती, काही बोलली नाहीत.

त्याने कमरेची किल्ली काढून पोरीच्या पुढ्यात ठेवली. "घे. पण दिवसभर नाही. संध्याकाळचा पाला टाकून झाला की एक तास."

"दोन," ती त्याच्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली.

"एक."

"दीड. आणि जेवताना नाही, शेडमध्ये नाही."

"आणि कानात ती बोंडं नाहीत."

"सवा तास," भिंगरी म्हणाली. "आणि तुम्ही डॉक्टरकडे जायचं. नाही गेलात तर दोन."

"ही आईवर गेली," तो म्हणाला.

"गेलीच पाहिजे," बायको म्हणाली आणि काढलेला पाला गोळा करायला आत गेली. किती अळ्या वाचल्या ते त्या उठल्यावर कळणार होतं. उद्या दुपारपर्यंत कुणालाच काही करता येण्यासारखं नव्हतं.

किल्ली उंबऱ्यावर तशीच पडून होती. भिंगरीने ती उचलली नाही.

"आता सांग," तो म्हणाला.

"काय?"

"जे जे सांगितलंस ते सगळं. जे मला ऐकू आलं नाही ते."

"मला काय माहीत, तुम्हाला कुठपासून ऐकू आलं नाही?"

हे त्याला पटलं. त्याने विचार केला. "मग असं कर, मामाने फोन दिला त्याच्या आधीपासून सांग. आज वेळच वेळ आहे."

ती उठली, त्याच्या डाव्या बाजूची उजव्या बाजूला येऊन बसली, आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. तिचा श्वास उन्हापेक्षा गरम होता. पहिलंच वाक्य ती हळूच म्हणाली, आणि त्याला त्यातले दोनच शब्द मिळाले. जुनी सवय होती, मान आपोआप डोलायला निघाली. त्याने ती थांबवली.

"नाही ऐकू आलं," तो म्हणाला. "परत सांग."

तिने परत सांगितलं.